अजून कच्चंय

चांगुणाबाईच्या संसारात कामाची वाटणी साधी होती. बोलायचं साहेबरावानं, ऐकायचं बायकोनं आणि पोरानं. साहेबराव भोकरदन-जालना काळी-पिवळी जीप चालवायचा. दिवसभर उतारूंशी बोलून माणसाचं तोंड दुखावं की नाही? पण थकायचं नाव नको. केदारखेड्याला घरी आला की चपला काढायच्या आधी सुरू. कोण पोरगी बघायला चालला होता, कोणाची म्हैस व्याली, कोणत्या सासूनं भर गाडीत सुनेचा उद्धार केला. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी लोटली की म्हणायचा, "आपण देव मानत न्हाई, पण चतुर्थीचं भाडं बी सोडत न्हाई," आणि स्वतःच्याच बोलण्यावर मांडी थोपटून हसायचा. चांगुणाबाई भाकरी थापता थापता हसायची, संघपाल अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून हसायचा. घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि साहेबराव गेला. गाडी विकली. घरात राहिली दोन माणसं, आणि दोघंही ऐकणारी. आता सांगा, कोणी कोणाचं ऐकायचं?

"जेवलास?"

"हो."

"अजून वाढू?"

"नको."

एवढ्यावर दिवस सरायचा. भांडण नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. मायेला तर तोटाच नव्हता; पोराच्या ताटात तेल सोडताना चांगुणाबाईचा हात कधी आखडला नाही, आणि पोरानं आईला कधी पाण्याचा हंडा उचलू दिला नाही. पण बोलणं म्हणाल तर अळीमिळी गुपचिळी. पोरगं भोकरदनच्या मोटर वायंडिंगच्या दुकानातून यायचं, हात धुवायचं आणि मोबाईल घेऊन आडवं व्हायचं. त्याच्या मनात काय चाललंय, त्याला कशाचं दुःख आहे, बाप आठवतो की नाही, हे सगळं तिला विचारायचं असायचं. जीव तुटायचा तिचा त्यासाठी. पण विचारायला तोंड उघडलं की त्यातून निघायचं, "जेवलास?"

संघपालनं जालन्याच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. मार्क चांगले होते. घोडं पेंड खायचं ते मुलाखतीत. पहिल्या मुलाखतीला 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पुढं जी जीभ टाळूला चिकटली ती चिकटली. दुसऱ्या मुलाखतीला तर कहरच केला. घशाला कोरड पडली, टेबलावर पाण्याचा ग्लास दिसला, तो उचलून घटाघटा प्यायला. ग्लास मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा होता! साहेब काही बोलले नाहीत, नुसते रिकाम्या ग्लासाकडं बघत राहिले. हे चांगुणाबाईला कळलं ते आमेरकडून. आमेर म्हणजे संघपालचा पॉलिटेक्निकचा दोस्त, भोकरदनला मामूच्या गॅरेजात काम करायचा. पोटच्या पोरानं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

म्हणून एके दिवशी दिवेलागणीला संघपाल आपणहून बोलला, तेव्हा तिच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"आई, तू साहेब होशील का?"

"काय होऊ?"

"मुलाखत घेणारा साहेब. मोबाईलवर एक सर सांगून राह्यले, आरशासमोर करून काही होत न्हाई, जित्या माणसासमोर सराव करा. आमेरसमोर बसलो तर त्याला हसूच आवरत न्हाई. गावात कोणाला सांगावं तर दुसऱ्या दिवशी पारावर बोंब."

"अरे बाबा, मला सही सोडून काय येतं? मी काय विचारणार तुला?"

"प्रश्न मी सांगतो. तू फक्त खुर्चीवर बसायचं आणि माझ्याकडं बघायचं."

पोराकडं बघायचं! एवढं सोपं आणि एवढं गोड काम तिला आजवर कोणी दिलं होतं? ती उठली, पदर सारखा केला आणि घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली.

साहेब कसा असतो ते तिला बराबर माहीत होतं. ती झेडपीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिथं अधूनमधून एक अधिकारी यायचे, चमचाभर खिचडी तोंडात घालायचे, भिंतीकडं बघायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"नंतर ती मीठ कमी पडलं का म्हणून खिचडी परत परत चाखून बघायची. संघपालनं दारावर टकटक करून "मे आय कम इन, सर?" म्हटलं, तशी चांगुणाबाईनं भिंतीकडं बघितलं आणि म्हणाली, "हं."

पोरगं जे गारठलं! समोर आई, रोज भाकरी वाढणारी आई, तरी त्याच्या तळहाताला घाम फुटला. त्यानं आईकडं बघितलं, आईनं त्याच्याकडं, आणि दोघांना एकदमच हसू फुटलं. साहेबराव गेल्यापासून त्या घरात असं हसणं झालं नव्हतं.

मग नियम ठरले. हसायचं नाही. साहेब उमेदवाराला 'तुम्ही' म्हणणार, उमेदवार साहेबाला 'सर'. प्रश्न ठरलेले: स्वतःबद्दल सांगा, तुमच्यात चांगलं काय, कमी काय, आम्ही तुम्हालाच का घ्यावं. रोज स्वयंपाकाआधी हा कारभार चालायचा. सुरुवातीला संघपाल मोबाईलमधल्या सरांची वाक्यं पाढ्यासारखी म्हणायचा. मी मेहनती आहे, मी प्रामाणिक आहे, मी सगळ्यांशी जुळवून घेतो. चांगुणाबाईला त्याचा कंटाळा आला. हे पोरगं बोलून राह्यलंय, का बाजारात भोंग्यावर जाहिरात चाललीय?

एक दिवस तिनं ठरलेला प्रश्न सोडला आणि आपल्या पदरचा घातला.

"तुमचे वडील काय करायचे?"

संघपाल थांबला. हा प्रश्न ठरलेल्यातला नव्हता. पण साहेबाला तसं कसं म्हणायचं?

"वडील गाडी चालवायचे, सर. काळी-पिवळी."

"मंग ती गाडी कुठंय आता?"

"विकली, सर. पण अजून राजूरच्या रस्त्यावर चालते." तो खाली बघून बोलत होता, पण बोलत होता. "दुसरा माणूस चालवतो. कधीमधी दुकान सुटल्यावर मी स्टँडवर थांबतो. बाकीच्या गाड्या सोडून देतो, ती आली की तिच्यातच बसतो. वडलांनी सीटला हिरवं रेक्झिन मारलं होतं, ते अजून तसंच आहे. भाडं देऊन बसतो, सर. त्या ड्रायव्हरला माहीत बी न्हाई मी कोण ते. तो बिलकुल बोलत न्हाई. मला वाटतं, ह्या गाडीत बसून ह्याला इतकं गप्प कसं राहवतं?"

 पोराला घरी यायला उशीर का होतो, हे चांगुणाबाई कधीची मनात घोळवत होती. दारू असंल का, संगत वाईट असंल का. आणि हे लेकरू बापाच्या गाडीत भाडं देऊन बसून येत होतं! उठावं आणि त्याला पोटाशी धरावं, असं तिला झालं. पण त्या घटकेला ती आई नव्हती, साहेब होती. साहेब असं करत नाहीत. आणि उठली असती तर तो परत मुका झाला असता, एवढं तिला कळत होतं.

"हं," ती म्हणाली. "पुढं बोला."

आणि तो बोलला. बापाविषयी बोलला, बिघडलेली मोटर नुसत्या आवाजावरून कशी ओळखतो ते बोलला, हात हलवून, मान वर करून बोलला. साहेबरावाचा पोरगा शोभला. शेवटी त्यानं विचारलं, "कसं झालं, आई?"

खरं सांगायचं तर पोरगं त्या दिवशीच पास झालं होतं. जगातल्या कुठल्याही साहेबानं त्याला घेतलं असतं. पण चांगुणाबाईला वाटलं, पास म्हणालं की संपलं. उद्या खुर्ची भिंतीला लागणार आणि आपण परत दोन शब्दांवर येणार. तिच्या तोंडून निघून गेलं, "बरं होतं. पण अजून कच्चंय."

"कच्चंय?"

"उद्या परत करू."

आता ह्याला पाप म्हणावं का? मी तर म्हणणार नाही. उपाशी माणसानं एक भाकर लपवली तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. पण भाकर दुसऱ्याच्या ताटातली होती, हेही तितकंच खरं.

त्यानंतर चांगुणाबाईचे दिवसच पालटले. शाळेत खिचडी ढवळता ढवळता ती संध्याकाळचे प्रश्न जुळवायची. एकदा त्या नादात खिचडी बुडाला लागली आणि मास्तरांची बोलणी खाल्ली. घरी आली की तोंड धुवायची, नीट भांग पाडायची, बरी साडी नेसून बसायची. साहेबाला शोभायला नको? शेजारची सगुणाबाई एकदा विरजण मागायला आली, तर चांगुणाबाई खुर्चीवर ऐटीत आणि एवढं मोठं पोरगं समोर हात बांधून उभं.

"का गं, शिक्षा केली का त्याला?"

"व्हय. बोलत न्हाई म्हणून," चांगुणाबाई म्हणाली. सगुणाबाई विरजण घेऊन, मान हलवत गेली.

प्रश्नही आता भलतेच निघायला लागले.

"तुम्हाला कधी कोणती मुलगी आवडली होती का?"

"सर, हे कंपनीत विचारत न्हाईत."

"आमच्या कंपनीत विचारतात. बोला."

मग प्रीती नावाची एक मुलगी कळली. पॉलिटेक्निकला पुढच्या बाकावर बसायची. तिच्याशी बोलायचं म्हणून हा पठ्ठ्या कितीतरी दिवस तिच्याच बसनं गेला आणि एक शब्द काढला नाही. तिचं लग्न जमलं तेव्हा पेढा मात्र खाऊन आला.

"पेढा कसा होता?" साहेबानं विचारलं.

"गोड होता, सर. त्याचंच वाईट वाटलं."

असंच एकदा कळलं, की बाप गेला त्या दिवशी हा रडला नाही म्हणून भावकी नावं ठेवत होती, आणि हा मागच्या मळ्यात विहिरीच्या मोटारीच्या खोलीत जाऊन रडला होता. मोटार चालू करून रडला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. चांगुणाबाईनं ते ऐकलं आणि साहेबासारखं भिंतीकडं तोंड फिरवलं. इतकं सगळं पोराच्या पोटात साठलेलं, आणि आपण त्या पोटात नुसत्या भाकरी भरत होतो! त्या दिवशी तर तिला अजूनच हाव सुटली. अजून काय काय असंल आत? आणि रोज शेवटी तेच, "अजून कच्चंय. उद्या परत."

तिला एक गोष्ट दिसत नव्हती. पोरगं ते खरं धरून चाललं होतं.

एका रविवारी आमेर मोटरसायकल उडवत आला. "मावशी, खुशखबर! चाकणच्या एका कंपनीचे लोक पोरं निवडायला जालन्याला येऊन राह्यले, उद्याच. मी दोघांची नावं टाकली. डिप्लोमावालेच पाहिजेत, बिलकुल आपलंच काम."

संघपालनं आमेरकडं नाही, आईकडं बघितलं. "आई, जाऊ का?"

इथं तिनं 'जा' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण चाकण म्हणजे तिकडं पुण्याकडं. पोरगं नसलेलं घर, कोणी न बोलणारी संध्याकाळ, सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. ती हसत हसत म्हणाली, "तुझं तू बघ बाबा. पण कच्चाच आहेस अजून. परत कोणाचा तरी ग्लास पिऊन यायचास."

आमेर खो खो हसला. संघपालही हसला, कसनुसा. दुसऱ्या दिवशी आमेर एकटाच जालन्याला गेला.

आठवडा उलटला नाही तोच तो पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. संघपाल दुकानात होता.

"लागलो मी, मावशी!"

"चांगलं झालं रे राजा. तुझ्या अम्मीला किती बरं वाटलं असंल."

"अम्मी तर रडूनच राह्यली." आमेर जरा घुटमळला. "मावशी, एक बोलू? राग नका मानू. संघपाल माझ्यापेक्षा हुशार आहे. डिप्लोमात मी त्याचंच बघून पास झालो. त्याला म्हणलं, चल ना यार, घाबरतो काय, तर म्हणतो कसा, 'आमेर, मला माझी आईसुद्धा पास करत न्हाई, परका माणूस काय करंल?'"

चांगुणाबाईनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"गुरुवारी ते लोक परत येणारेत, अजून पोरं पाहिजेत त्यांना. नाव टाकलंय मी त्याचं. पण तो न्हाईच म्हणून राह्यला. तुम्ही सांगा, मावशी. तुमचंच ऐकतो तो."

तुमचंच ऐकतो! हेच तर झालं होतं. आमेर गेला आणि चांगुणाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. अगं कैदाशिणी, स्वतःलाच म्हणाली, गावाच्या लेकरांना खिचडी शिजवून घातलीस आणि स्वतःचं लेकरू कच्चं म्हणून झाकून ठेवलंस? भीती त्याची होती, पण तिला खतपाणी कोणी घातलं? तू. तिनं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं.

संघपाल आल्यावर तिनं साधं सरळ सांगून बघितलं. "बाबा, गुरुवारी जाऊन ये. तू चांगला बोलतोस."

"तू आई आहेस म्हणून म्हणतेस." त्यानं मोबाईलमधून मानसुद्धा वर काढली नाही. "काल कच्चं आणि आज पक्कं? आमेर येऊन गेला वाटतं."

खोटं बोलणाऱ्याचं असंच होतं. खरं बोलायची पाळी येते तेव्हा ऐकायला कोणी कान देत नाही. चांगुणाबाईनं मग खुर्ची ओढली आणि बसली.

"उठा. मुलाखतीची वेळ झाली."

"आज नको, आई."

"आई न्हाई, साहेब बोलून राह्यले. बाहेर जाऊन दार वाजवा."

तो नाइलाजानं उठला, दार वाजवून आत आला आणि बोलायला लागला. पार वाईट बोलला. वाक्य अर्ध्यावर तुटायचं, हात पॅन्टीला पुसायचा, परत पहिल्यापासून सुरू करायचा. पहिल्या दिवशी गारठला होता त्याच्याहून वाईट. चांगुणाबाईच्यानं ते बघवेना. हे आपण केलंय, एवढंच तिच्या डोक्यात वाजत होतं.

"बस्स," ती म्हणाली. "आता तुम्हाला आम्हाला काही विचारायचं असंल तर विचारा." मुलाखतीच्या शेवटी असं विचारतात, हे त्यानंच तिला सांगितलं होतं, पण तिथवर दोघं कधी पोचलेच नव्हते.

संघपाल एक पाऊल पुढं आला.

"एकच विचारायचंय, सर. मला घेतलं आणि मी गेलो, तर माझी आई एकटी राहील घरात. तिचं कसं व्हायचं?"

चांगुणाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. म्हणजे त्याच्याही मनात हेच होतं तर! आता घाम साहेबाला फुटला.  'तुमची आई मजेत राहील' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलून बोलून तिचं तोंड कडू झालं होतं.

"तुमच्या आईचं सांगू का? तुमची आई लबाड बाई आहे."

"सर?"

"तुम्ही कधीचेच पास झाल्ते. गाडीचं सांगितलं ना, त्याच दिवशी. तुमच्या आईनं ते दाबून ठेवलं. रोज कच्चं कच्चं म्हणत राह्यली."

"का?" आता तो 'सर' म्हणायला विसरला.

"तुमचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून. तुम्ही आईशी बोलत न्हाई. साहेबाशी बोलता. मंग तिनं साहेबाला उठूच दिलं न्हाई खुर्चीवरून." तिचा आवाज फाटला, पण ती बसून राहिली. "तुम्ही गेल्यावर तिला जड जाणार आहे. लई जड जाणार आहे, खोटं कशाला सांगू? पण तिच्यापायी तुम्ही इथंच मुके होऊन बसलात, तर ते तिला जगू द्यायचं न्हाई."

कोणाला वाटेल, पोरगं धावत येऊन आईच्या गळ्यात पडलं असंल. तसं काही झालं नाही. संघपालचं तोंड लालबुंद झालं.

"एवढ्यासाठी? आई, मी आमेरसंगं गेलो असतो! मला वाटलं, मी खरंच... एवढ्यासाठी तू मला..." पुढचा शब्द त्याला सापडला नाही. पायात चपला सरकवून तो निघून गेला. जेवणाच्या वेळेला आला, खाली मान घालून जेवला. चांगुणाबाईनं त्याला काहीच विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठं?

गुरुवारी सकाळी त्यानं शर्टाला स्वतःच इस्त्री केली, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि निघाला. घरातून निघताना 'येतो' म्हणायची त्याची सवय. त्या दिवशी तेही म्हणाला नाही. पण गेला जालन्याच्याच रस्त्यानं. चांगुणाबाई कोपऱ्यापर्यंत मागं मागं गेली, बोलावलं मात्र नाही.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "घेतलं त्यांनी."

 मग तोच पुढं बोलला, पिशवी खुंटीला अडकवत, तिच्याकडं न बघता.

"हात कापत होते. मंग सांगून टाकलं, सर, हात कापून राह्यले, जरा दमानं बोलतो. ते म्हणले, बोला दमानं, घाई न्हाई. मंग जमलं."

"काय विचारलं?"

"तुमच्यात कमी काय, ते विचारलं. म्हणलं, बाहेर कसंबी निभावतो, सर, पण मी घरात बोलत न्हाई." एवढं म्हणून तो हातपाय धुवायला मोरीत गेला आणि बराच वेळ पाणी ओतत राहिला. रागाच्या भरात तो घाबरायचं विसरला होता, का आईनं पास केलेलं आत कुठंतरी लागलं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

जायच्या दिवशी चांगुणाबाईनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. रस्त्यावर आमेर बॅगा घेऊन थांबला होता. बस आली. संघपाल पायरीवर चढला, परत खाली उतरला. "जय भीम, आई. येतो," म्हणाला आणि तिच्याकडं नीट बघितलं. राग गेला होता का? थोडा गेला असंल. राग काय सगळा एकदम जातो थोडाच.

आणि मग सुरू झाला फोन. रोज यायचा, नेमानं यायचा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

"काम बरं आहे?"

"बरं आहे. ठेवू?"

"ठेव."

झालं! पुन्हा तेच. इतकं सगळं होऊन दोघं परत दोन शब्दांवर. दिवेलागण झाली की चांगुणाबाईचं तोंड आपोआप धुतलं जायचं, भांग पाडला जायचा, आणि मग ध्यानात यायचं की आता कोण येणारे. फोन ठेवल्यावर ती तो तसाच कानाशी धरून बसायची. आवाज गेलेला असायचा, पण आत्ता इथं होता ना. पोराची आठवण यायची ती अशी, की घास तोंडात फिरायचा. एकदा तर तिनं फोनवर घसा खाकरला होता. 'हं, बोला,' असं साहेबाच्या आवाजात म्हटलं असतं, तर पोरगं बोललंही असतं. जिभेवर आलेलं तिनं परत गिळलं. साहेबाच्या आड लई दिवस बसून झालं होतं. आता पोराला विचारायचं ते त्याच्या आईनं विचारायचं, नाहीतर विचारायचंच नाही.

त्या दिवशी तो "ठेवू?" म्हणाला, आणि ती म्हणाली, "थांब."

"काय झालं?"

तिच्या तळहाताला घाम फुटला. घशाला कोरड पडली. पोटच्या पोराशी बोलायला एवढी भीती वाटावी! पण तिनं नेट लावला.

"संघपाल, तुला तिथं करमतं का रे?"

 पलीकडून नुसता गाड्यांचा आवाज आला. तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"न्हाई करमत, आई," तो म्हणाला. "बिलकुल करमत न्हाई." मग, "तुला?"

माझं काय मेलं, मी मजेत आहे, हे उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. आयांच्या तोंडात ते तयारच असतं. तिनं ते दिलं नाही.

"मला बी न्हाई करमत, राजा," ती म्हणाली, आणि रडू आलं ते लपवलं नाही.

तोही रडला असंल. नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग पोरगं बोलायला लागलं. खोलीत चौघं आहोत, म्हणाला. खिडकीतून नुसती भिंत दिसते. आमेर झोपेत गॅरेजमधल्यासारखा गिऱ्हाइकांना ओरडतो. मशीनवर पहिल्या दिवशी हात चालेना, शेजारच्या एका म्हाताऱ्या कामगारानं सांभाळून घेतलं. सुट्टीच्या दिवशी कुठं जावं कळत नाही, म्हणून उगाच स्टँडवर जाऊन आपल्याकडच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसतो. चांगुणाबाई "मंग?" म्हणायची, आणि तो पुढं सांगायचा. चुलीवरचं कालवण आटून गेलं, तिनं बघितलंसुद्धा नाही.

मध्येच मागून आमेरची हाक ऐकू आली, "जल्दी चल ना यार, सगळे खाली थांबलेत."

"तुम्ही व्हा पुढं," संघपाल म्हणाला. "मी आईशी बोलून राह्यलो."